सौद्यांचे बोर्ड गेम गटात खेळताना: आधीची तयारी, सौद्याची रीत आणि हमखास होणाऱ्या चुका

पट मांडलेला असतो, पत्ते वाटून झालेले असतात, नियमही साधारण सगळ्यांना कळलेले असतात. तरी तासाभरात खेळ रडतखडत चालू लागतो. एकजण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, दोघांची ‘तूच म्हणाला होतास’ वरून जुंपलेली, आणि ज्याची पाळी आहे तो तिसऱ्यांदा विचारतोय, “कुणाकडे लोकर आहे का?”

असं झालं की खापर खेळावर फुटतं. खरं तर बहुतेक वेळा दोनच चुका झालेल्या असतात. सौद्यांबद्दलच्या गोष्टी बसण्याआधी ठरवलेल्या नसतात, आणि सौदा करताना प्रत्येकजण ‘मला काय मिळतंय’ एवढंच बघत असतो. बाकीच्या चुका या दोघींचीच पिल्लं.

गटाला खेळ समजावून सांगायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याच्यासाठी हा लेख आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. पहिले चार टप्पे खेळ सुरू होण्याआधीचे आहेत आणि लोक नेमके तेच गाळतात.

१. आधी माणसं मोजा, मग खेळ निवडा

सौद्यांच्या खेळात दोघं असून भागत नाही, आणि डब्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकजण जास्त बसवला तर खेळ रेंगाळतो. कटान हा लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज जमवून रस्ते, वस्त्या, शहरं बांधायचा खेळ; त्याचा मूळ डबा ३-४ जणांचा आहे, पाचव्यासाठी वेगळी जोड लागते. चायनाटाउन ३ ते ५ जणांचा. डिप्लोमसीला पुरते ७ हवेत. सायडेरियल कॉन्फ्लुअन्स ४ ते ९ जणांत चालतो.

आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे त्या खेळात कोण कुणाशी बोलतं. कटान आणि बोनान्झामध्ये (हा शेंगांचे पत्ते आपल्या शेतात लावायचा पत्त्यांचा खेळ) ज्याची पाळी तोच मध्यस्थ: बाकीचे त्याच्याशी सौदा करू शकतात, आपापसात नाही. चायनाटाउनमध्ये सगळे एकाच वेळी सगळ्यांशी बोलतात, म्हणजे भर बाजार. डिप्लोमसीत वस्तूच नसतात. असतो तो फक्त शब्द, आणि तोही कोपऱ्यात जाऊन दिलेला.

नवा गट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बोनान्झाने सुरुवात करा. त्यात हातातला पहिला पत्ता लावावाच लागतो आणि हातातल्या पत्त्यांचा क्रम बदलता येत नाही. त्यामुळे नको असलेला पत्ता पुढे सरकत आला की अगदी मुखदुर्बळ माणूसही तोंड उघडतो. चायनाटाउन पहिल्याच दिवशी काढलात तर मोठ्या आवाजाचे दोघं खेळतील आणि तिघं बघतील. डिप्लोमसी तर एकमेकांना बऱ्यापैकी ओळखणाऱ्यांनीच, आणि अख्खा दिवस मोकळा असेल तरच.

*तपासा:* शेवटच्या माणसाचं ‘येतो’ पक्कं झाल्याशिवाय खेळ ठरवू नका. चारांचा खेळ काढून ठेवायचा आणि सहा जण यायचे, हे फार वेळा होतं.

२. नियमपुस्तिकेतलं सौद्याचं पान वेगळं वाचा

आदल्या दिवशी, एकट्याने, कागद-पेन्सिल घेऊन. पूर्ण पुस्तिका वाचताना सौद्याचा परिच्छेद डोळ्यांखालून निसटतो, कारण तो छोटा असतो. त्यातून या प्रश्नांची उत्तरं काढून लिहा.

कशाचा सौदा होतो? कटानमध्ये फक्त वस्तूंचे पत्ते देता-घेता येतात. डेव्हलपमेंट कार्ड, म्हणजे वस्तू मोजून बँकेकडून घ्यायचा खास पत्ता, कुणाला विकता येत नाही. चायनाटाउनमध्ये जागा, दुकानं, पैसे सगळंच खुलं आहे.

फुकट देता येतं का? कटानमध्ये नाही, दोन्ही बाजूंनी काहीतरी गेलंच पाहिजे. तिथे दोन लोकर देऊन एक लोकर घेणंही चालत नाही, कारण तो आडवाटेने दिलेला आहेरच झाला. बोनान्झामध्ये फुकट देता येतं, पण घेणाऱ्याने हो म्हटलं तरच.

घेतलेली वस्तू जाते कुठे? बोनान्झात सौद्यातला पत्ता हातात येत नाही, तो थेट शेतात लावावा लागतो. हे न कळल्यामुळे नवखे ‘दे, राहू दे माझ्याकडे’ म्हणून पत्ते घेतात आणि मग चांगलं भरलेलं शेत उपटायची वेळ येते.

उधारी चालते का? मोनोपॉलीत खेळाडूंनी एकमेकांना कर्ज द्यायचं नसतं. पैसे कमी पडले तर मालमत्ता बँकेकडे गहाण टाकायची. गहाण जागा विकत घेतली तर नव्या मालकाने तिथल्या तिथे १० टक्के व्याज भरायचं. आणि एखाद्या रंगाच्या जागांवर घरं असतील, तर ती बँकेला परत विकल्याशिवाय त्या रंगातली कुठलीही जागा दुसऱ्याला देता येत नाही.

सौदा केव्हा करायचा? कटानमध्ये आधी फासे, मग वस्तू वाटप, मग सौदे, मग बांधकाम. हातात फासे खुळखुळवत सौदा करणारा एकतरी निघतोच. त्याला पहिल्याच वेळी थांबवा.

*सावध:* मोनोपॉली खेळायला बसलात तर लिलावाचा नियम गाळू नका. ज्या जागेवर येऊन थांबलात ती घ्यायची नसेल तर बँक ती लगेच लिलावात काढते, असा मूळ नियम आहे. बहुतेक घरांत तो खेळलाच जात नाही. मग जागा वाटल्या जायला वेळ लागतो, कुणाकडे देण्यासारखं काही नसतं, आणि खेळ चार-चार तास नुसता गोल फिरत राहतो. ‘मोनोपॉली संपतच नाही’ या तक्रारीमागे निम्मं कारण हेच असतं.

३. वचनाचं काय, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून या टप्प्यावर जरा थांबू.

सौद्यात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. एक जागेवरची: माझं धान्य घे, तुझी वीट दे. दुसरी पुढची: “आत्ता वीट दे, पुढच्या दोन फेऱ्या दरोडेखोर तुझ्यावर बसवणार नाही.” (दरोडेखोर ही कटानमधली सोंगटी; ती ज्या जागेवर बसते तिथून वस्तू मिळणं थांबतं.) पहिलीत कुणाला शंका नसते. दुसरीचं काय? तो शब्द पाळावाच लागतो, की मोडला तरी चालतो?

आमच्या गटात एकदा नेमकं याच वाक्यावरून वाजलं. वीट देणारी म्हणत होती की शब्द म्हणजे शब्द. घेणारा म्हणत होता, पुस्तिकेत कुठे लिहिलंय? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण आम्ही काही ठरवलंच नव्हतं. त्या दिवशी पट तसाच गुंडाळला, आणि पुढचे दोन रविवार ‘जमत नाही’ असे निरोप आले.

ठरवायचे पर्याय तीन आहेत.

पहिला: जागेवरचा सौदा पक्का, पुढचं वचन कच्चं. म्हणजे वचन देता येतं, मोडताही येतं, आणि मोडलं म्हणून कुणी तक्रार करायची नाही. फार तर पुढच्या वेळी त्याच्याशी सौदा करायचा नाही. नव्या गटाला मी हाच पर्याय देतो.

दुसरा: सगळं पक्कं. सायडेरियल कॉन्फ्लुअन्समध्ये झालेला करार पाळावाच लागतो, खेळाची रचनाच तशी आहे. दुसऱ्या एखाद्या खेळात हा पर्याय घेतलात तर वचनं कागदावर लिहा, मुदतीसकट. ‘नंतर कधीतरी एक लाकूड देईन’ याला मुदत नाही, म्हणून ते वचनही नाही.

तिसरा: काहीच पक्कं नाही. डिप्लोमसीत बोलणं कितीही झालं तरी शेवटी सगळे आपापले हुकूम कागदावर लिहितात आणि ते एकदमच उघडले जातात. कुणी कुणाला फसवलं ते तेव्हा कळतं. जिंकण्यासाठी पटावरच्या ३४ पुरवठा केंद्रांपैकी १८ मिळवायची तर कधीतरी कुणाचा तरी विश्वास मोडावा लागतोच, हे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. ज्याला ते झेपणार नाही त्याने त्या दिवशी खेळू नये, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एक पोटप्रश्नही सोडवून टाका: हातातल्या पत्त्यांबद्दल खोटं बोललं तर चालेल का? ‘माझ्याकडे वीट नाहीच’ असं वीट असताना म्हणणं बहुतेक गटांना चालतं, पण एखाद्याला ते फार लागतं. आणि पत्ते उघडून दाखवता येतील का? माझा कल ‘बोला काहीही, दाखवू नका’ याकडे आहे. दाखवायला परवानगी दिली की जो दाखवत नाही तो आपोआप चोर ठरतो.

*तपासा:* ठरलं ते मोठ्याने एका वाक्यात म्हणा आणि प्रत्येकाकडून ‘हो’ घ्या. नुसत्या माना डोलावण्यावर जाऊ नका.

४. टेबल आणि घड्याळ

जोडपी आणि भावंडं शेजारी बसवू नका. शेजारी बसली की कुजबुजीत सौदे होतात आणि बाकीच्यांना तो ‘घरचा भाव’ वाटतो, खरा असो वा नसो. कशाला किती वस्तू लागतात ते कोष्टक प्रत्येकासमोर ठेवा, नाहीतर दर पाळीला ‘शहराला काय लागतं?’ ऐकावं लागेल.

आता वेळ. चौघांच्या खेळात साठ पाळ्या धरा. प्रत्येक पाळीत सौद्याच्या बोलण्यात तीन मिनिटं गेली तर नुसत्या बोलण्यातच तीन तास गेले. दीड मिनिटाची मर्यादा घातली की ते दीड तासावर येतं. वाळूचं घड्याळ असेल तर उत्तम, ते सगळ्यांना दिसतं आणि ‘वेळ संपली’ हे कुणा एकाला सांगावं लागत नाही. कॉस्मिक एन्काउंटरमध्ये तर हे नियमातच आहे: दोघांनी वाटाघाटीचा पत्ता खेळला तर त्यांच्याकडे एक मिनिट असतं. तेवढ्यात जमलं नाही तर दोघांचीही तीन-तीन जहाजं जातात. तो मिनिट बघण्यासारखा असतो. पन्नास सेकंद ताठ बसलेली माणसं शेवटच्या दहा सेकंदांत भराभर पडतं घेतात.

५. शिकवताना एक लुटुपुटूचा सौदा करा

नियम सांगून झाले की लगेच पट सुरू करू नका. प्रत्येकाला तीन-तीन पत्ते उघडे वाटा आणि दोघांना सगळ्यांसमोर एक सौदा करायला लावा. वाक्य कसं बोलायचं तेही सांगा: काय देणार, काय हवं, किती. “मी एक धान्य देतो, मला एक लोकर हवी.” एवढंच. ‘कुणाकडे काय आहे?’ हा प्रश्न वेळखाऊ आहे, कारण त्याला खरं उत्तर द्यायला कुणीच बांधील नाही आणि प्रत्येकजण उलट विचारतो, ‘तू काय देशील?’

बोनान्झा असेल तर पत्ते वाटण्याआधी, पुन्हा सांगतो, आधी, बजावा की पत्ते हातात जुळवायचे नाहीत. पत्ते खेळून खेळून बोटांना सवय असते, माणूस बोलता बोलता एका जातीचे पत्ते शेजारी आणून ठेवतो. पहिल्या वाटपात असं झालं तर सरळ पत्ते गोळा करून पुन्हा वाटा.

*सावध:* नवख्याला लिंबूटिंबू करून ‘घे बाळा, तुला फुकट’ असे सौदे करू नका. त्याला काही शिकायला मिळत नाही, आणि त्या दयेचा हिशेब तिसऱ्याच कुणाच्या खिशातून वळता होतो. त्याऐवजी सौद्याआधी त्याला एकदा विचारा, “हे घेऊन तू काय बांधणार?” उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर सौदा थांबवून समजावा.

६. पहिल्या पाच-सहा पाळ्या: हात सैल ठेवा

सुरुवातीला साठवून ठेवण्याकडे कल असतो. कटानमध्ये तो महागात पडतो. सात पडला की सातपेक्षा जास्त पत्ते असलेल्याला निम्मे टाकावे लागतात: नऊ असतील तर चार गेले. दोन फाशांवर सात यायची शक्यता ३६ त ६, म्हणजे दर खेपेला सहात एक. चौघांच्या खेळात तुमची पाळी संपल्यापासून पुढची बांधणी करेपर्यंत फासे चारदा पडतात. चारात एकदा तरी सात येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त भरते. तेव्हा नऊ पत्ते धरून बसलेला माणूस नाणं उडवतोय असं समजा. समोरच्याकडे नऊ दिसत असतील, तर तो जरा स्वस्तात द्यायला तयार असतो, हेही ध्यानात ठेवा.

मांडणी करतानाच पटावर काय कमी आहे ते बघा. कटानच्या १९ षटकोनांत लाकूड, लोकर, धान्य प्रत्येकी चार, पण विटा आणि खनिज तीन-तीनच. त्यातल्या एखाद्यावर २ किंवा १२ हा फाशांवर क्वचितच येणारा आकडा पडला असेल तर ती वस्तू आणखीच दुर्मीळ. रस्त्याला लाकूड आणि वीट लागतात, म्हणून सुरुवातीला विटेला भाव असतो. पुढे शहरं आणि डेव्हलपमेंट कार्डं सुरू झाली की खनिज आणि धान्य वर चढतात. मग तीच वीट दोनाला एकसुद्धा कुणी घेत नाही. ‘मघाशी तू दोन घेतल्या होत्यास’ हा युक्तिवाद म्हणूनच फोल आहे.

७. सौदा करण्याआधी तीन गोष्टी मोजा

एक: हा सौदा नाही झाला तर माझ्याकडे दुसरी वाट कोणती? कटानमध्ये बँक चार एकसारख्या वस्तूंना हवी ती एक देते; बंदरावर वस्ती असेल तर साधं बंदर तीनाला एक आणि वस्तूचं खास बंदर दोनाला एक. लोकरीचं बंदर असलेल्याला तुम्ही दोन लोकर दिलीत, म्हणजे त्याला हवी ती कुठलीही एक वस्तू दिलीत. त्याला लोकर देताना हा भाव लावा.

दोन: समोरचा याचं काय करणार? तीन: तो आत्ता कुठे उभा आहे?

तिसरा प्रश्न विसरला की काय होतं ते एका पाळीवरून बघू. लालवालीची पाळी आहे, तिचे ५ गुण. हातात एक लाकूड, एक वीट, दोन धान्य. वस्तीसाठी फक्त लोकर हवी आणि एक धान्य वर आहे.

“एक धान्य देते, लोकर कोण देतं?”

निळा लगेच म्हणतो, “मी दोन लोकर देतो एका धान्याला.” पांढरी जरा थांबून म्हणते, “माझ्याकडून एकच मिळेल.”

दोन की एक? बहुतेकजण निळ्याशी हात मिळवतील. पण निळा एवढा उदार का झालाय? त्याचे ८ गुण आहेत, आणि मागच्या दोन फेऱ्यांत त्याने खनिज गोळा करताना सगळ्यांनी पाहिलंय. शहराला तीन खनिज आणि दोन धान्य लागतात. त्याचं अडलंय ते एका धान्यावर. ते मिळालं की वस्तीचं शहर, ९ गुण, आणि दहाला खेळ संपतो. पांढरीचे ६ गुण आहेत. तिला धान्य मिळालं तर ती एक डेव्हलपमेंट कार्ड घेईल. लालवालीला दोन्ही सौद्यांत तीच वस्ती आणि तोच एक गुण मिळतो. निळ्याकडून वर मिळणारी एक लोकर ही तो जिंकण्यासाठी मोजत असलेली किंमत आहे. एका लोकरीचा सौदाच इथे चांगला.

पैशांच्या खेळात हेच आकड्यांत मांडता येतं. चायनाटाउन सहा फेऱ्यांचा आहे आणि दर फेरीच्या शेवटी कमाई मिळते. दुसऱ्या फेरीत समजा तुमच्या एका जागेमुळे समोरच्याची कमाई दर फेरीला २० हजारांनी वाढणार आहे. दुसरी ते सहावी धरून पाच कमाया, म्हणजे त्याला ती जागा एक लाखाची. तुम्हाला तीच जागा दर फेरीला १० हजार देते, म्हणजे पन्नास हजारांची. पन्नास ते शंभरच्या मधे कुठेही सौदा झाला तरी दोघांचा फायदा. पंच्याहत्तरला झाला तर दोघंही पंचवीस-पंचवीस हजारांनी पुढे, आणि ज्यांनी काहीच केलं नाही ते दोघं तितकेच मागे. ‘मी त्याचा फायदा का होऊ देऊ?’ म्हणून अडून बसणारे नेहमी मागे राहतात ते यामुळे. तीच जागा सहाव्या फेरीत विकायला काढलीत तर ती दहा आणि वीस हजारांच्या मधली. जुना भाव धरून बसू नका.

*तपासा:* सौद्याला हो म्हणण्याआधी समोरच्याच्या पुढच्या खेळीचं नाव मनात घेता येतंय का? येत नसेल तर विचारा. सांगणार नाही म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

८. घासाघीस

‘नाही’ म्हणून गप्प बसू नका, ‘नाही, पण असं असेल तर’ म्हणा. प्रत्येक नकाराबरोबर उलट बोली, एवढा एक दंडक घातला तरी खेळाचा वेग वाढतो. दोन बोलींत जमलं नाही तर सोडून द्या. तिसरी आणि चौथी बोली सहसा हट्टाची असते.

बुजऱ्या खेळाडूंसाठी एक युक्ती: अधूनमधून पाळीवाल्याने आपल्या डावीकडून सुरू करून प्रत्येकाला क्रमाने एकेक बोली विचारावी. ओरडाआरड्यात ज्यांचा आवाज दबतो त्यांच्याकडेच कधीकधी नेमका हवा तो पत्ता असतो.

तिघांचा सौदा करायचा तर तो दोन सौद्यांत तोडा. मला निळ्याकडून वीट घेऊन ती पांढरीला द्यायची आहे, पण पांढरी नंतर फिरली तर वीट माझ्या गळ्यात. पुढचं वचन कच्चं असेल तर ही जोखीम मधल्याची असते. म्हणून मधल्याने थोडा नफा मागणं रास्तच आहे.

हातात पत्ता पडला की सौदा झाला. त्यानंतर ‘अरे, मला वाटलं होतं’ चालणार नाही. पहिल्या फेरीपुरती सूट द्या, मग नाही.

आणि एक खोडी माहीत असू द्या. कटानमध्ये एक डेव्हलपमेंट कार्ड असं आहे की ते काढून एखाद्या वस्तूचं नाव घेतलं की सगळ्यांनी ती वस्तू तुम्हाला द्यायची. एखादा आपली सगळी लोकर स्वस्तात विकतो आणि मग शांतपणे हे कार्ड टाकून ‘लोकर’ म्हणतो. नियमात बसतं. एका गटात फार तर एकदाच जमतं.

९. पुढे गेलेल्याचं काय करायचं

सगळ्यांनी मिळून त्याला वाळीत टाकायचं, ही पहिली प्रतिक्रिया असते. ती दोन कारणांनी फसते. तो बँकेकडून आणि बंदरातून काम भागवतो, आणि बहिष्कार घालणाऱ्यांपैकी एकजण गुपचूप फुटतोच. त्यापेक्षा त्याच्यासाठी भाव वाढवा. इतरांना एकाला एक, त्याला दोनाला एक. तो देईल तोवर तुमचं भलं होतंय. विजयापासून एका पावलावर आला की मात्र सौदा पूर्ण बंद.

तुम्हीच पुढे असाल तर उपाय उलटा: मोठे, डोळ्यांत भरणारे सौदे टाळा, छोटे करा, आणि जो सगळ्यात मागे आहे त्याच्याशी करा. त्याला गरज असते आणि बाकीचे त्याबद्दल फारशी कुरकुर करत नाहीत.

*तपासा:* दिसणारे गुण आणि बंद पत्ते दोन्ही मोजा. कटानच्या २५ डेव्हलपमेंट कार्डांत ५ थेट गुणाची असतात. समोर ८ गुण आणि दोन न उघडलेली कार्डं असतील, तर ‘अजून दोन बाकी आहेत’ या भ्रमात राहू नका.

१०. शेवटच्या फेऱ्या

आपण जिंकत नाही हे कळलं की काहीजण आपले सगळे पत्ते आवडत्या माणसाला कवडीमोलाने देऊन टाकतात. दीड तास नीट खेळलेल्या तिसऱ्याचा त्यात बळी जातो. म्हणून सुरुवातीलाच ठरवा: प्रत्येक सौद्यात स्वतःची जागा सुधारली पाहिजे, जिंकायचं नसेल तर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्यासाठी खेळा. कुणी विचारलं ‘यात तुला काय मिळालं?’, तर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सूड म्हणून केलेला सौदा हा रडीचाच डाव, आणि मला तो दानधर्मापेक्षाही जास्त खटकतो.

शेवटच्या फेरीत वचनांना किंमत नसते, कारण ती पाळायला पुढची पाळीच उरत नाही. तिथे फक्त हातोहात व्यवहार करा.

११. वाजलंच तर

घड्याळ थांबवा. ज्या दोघांचा वाद आहे ते सोडून बाकीच्यांनी ठरवायचं, आणि एका मिनिटात. मत समसमान पडलं तर पाळीवाल्याच्या विरुद्ध निकाल द्या. हे तितकंसं न्याय्य नाही, पण यामुळे पाळीवाला वाद उकरत नाही. पुस्तिका खेळ चालू असताना दहा मिनिटं चाळत बसू नका, ती नंतर बघा.

डबा बंद करण्याआधी झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: वचन कच्चं की पक्कं, घड्याळ किती मिनिटांचं, पत्ते दाखवायचे की नाही. त्या दिवशी झालेला वाद आणि त्यावर काय ठरलं तेही एका ओळीत लिहा. पुढच्या वेळी खेळ काढलात की आधी ती चिठ्ठी मोठ्याने वाचायची. आमच्या डब्यातली चिठ्ठी सध्या तिसरी आहे, पहिल्या दोन दोन्ही बाजूंनी भरून गेल्या.